बिस्किटांवर अक्षरं काढून द्यायचीयेत, आयसिंग जमणारं कोणी आहे का? (पुणे, मुदत २२ फेब्रुवारी)

अमृततुल्य | रविवार, ८ फेब्रुवारी, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं इथे नुसता वाचत पडलेलो असायचो, धागा पहिलाच आहे, सांभाळून घ्या. तर विषय असा की २२ तारखेला आम्हाला भेटून चार वर्षं होतायत. आम्हाला म्हणजे मला आणि तिला, नाव लिहीत नाही कारण तिची मावसबहीण इथे असते अशी दाट शंका आहे. ह्या चार वर्षांत मी दिलेल्या वस्तू म्हणजे एक पॉवर बँक, एक हेल्मेट (तिनेच मागून घेतलेलं) आणि मित्रांच्या नादाला लागून आणलेला एक टेडी, जो तिने आठ दिवसांत खालच्या मजल्यावरच्या पोराला देऊन टाकला.

यावेळी घरी बिस्किटं करून त्यावर आयसिंगने अक्षरं काढायची असं डोक्यात आलंय. एका बिस्किटावर एक अक्षर. घ, री, ये, ते, स, का. सहा बिस्किटं. घरी म्हणजे आमच्या घरी, आईबाबांना भेटायला, गैरसमज नको. गेले सहा महिने तोंडाने विचारायचं म्हटलं की मी भलतंच काहीतरी बोलतो, मागच्या वेळी तर घरी ये म्हणायचं होतं आणि मी तिला म्युच्युअल फंडाबद्दल विचारलं.

घरात ओटीजी (छोटा ओव्हन) आहे, ताईचा, ती सासरी गेली आणि ओटीजी राहिला. माझा अनुभव मॅगी आणि ऑम्लेट. ती अंडं खात नाही. चौदा दिवस आहेत. होईल का?

दुपारी_१_ते_४ | ८ फेब्रुवारी, रात्री ११:५०

होईल. पण कॅम्पात जाऊन कयानी बेकरीतनं अर्धा किलो श्रूसबेरी बिस्किटं आण, डब्यावर चिठ्ठी चिकटव, 'घरी येतेस का'. खर्च कमी, वेळ कमी, आणि चव १९५५ पासून सिद्ध झालेली.

सुगरणताई | सोमवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

पहाटे पहाटे वाचलं आणि म्युच्युअल फंडाला चहा नाकात गेला. होईल रे, चौदा दिवस भरपूर आहेत, फक्त तू अक्षरांपासून सुरुवात केलीस आणि ती शेवटची पायरी आहे. आधी बिस्कीट सपाट यायला हवं. आयसिंगचं बिस्कीट म्हणजे पाटी असते, पाटीच उंचसखल असेल तर अक्षर कुठे काढणार, म्हणून श्रूसबेरी वगैरे ह्या कामाची नाहीत (१ ते ४, ऐकताय ना), त्याला वर भेगा असतात आणि लोणी इतकं की आयसिंगमधून तेलाचे डाग वर येतात दुसऱ्या दिवशी.

प्रमाण एक दोन तीन. वजनाने, वाटीने नाही. एक भाग पिठीसाखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. तुला सहाच करायचीत तर अमूलचा १०० ग्रॅमचा एक पॅक घे, ५० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम मैदा, ह्यात वाटीच्या मापाची दहा-बारा बिस्किटं होतात. पिवळ्या पॅकमधलं बटर खारट असतं म्हणून मीठ वेगळं टाकू नको. बटर बाहेर ठेवून मऊ झालेलं हवं, बोट दाबलं की खड्डा पडेल इतपत, वितळलेलं अजिबात नाही. साखर बटर एकत्र फेस, मैदा चाळून घाल, गोळा होत नसेल तर चमचाभर दूध. मळत बसू नको, पोळीची कणीक नाहीये ती.

बेकिंग पावडर घालायची नाही. पुन्हा लिहिते, घालायची नाही. सगळ्यांचा हात आपोआप त्या डबीकडे जातो.

लाटायचं दोन बटर पेपरच्या मध्ये, जाडी जरा अर्धा सेंटिमीटरच्या वर. कापायचं, कागदासकट ट्रेमध्ये सरकवायचं आणि ट्रेच फ्रीजमध्ये अर्धा तास. मग १७० ला बारा ते चौदा मिनिटं, कडा जरा बदामी दिसल्या की बाहेर. बाहेर काढताना मऊच लागतात, घाबरून परत आत ढकलू नको, गार झाली की कडक होतात.

नुसती_वाचक | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

वाचनखूण साठवली आहे. आणि सहा महिन्यांचा तो म्युच्युअल फंडाचा किस्सा सविस्तर येऊद्या.

शनिपार | ९ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

माझं वय ६८. तुमचा ओटीजी वगैरे आत्ताचा. आमच्या लहानपणी पेठेत बिस्किटं करायची म्हणजे घरून रवा, मैदा, साखर, तूप पिशव्यांमधून घेऊन बेकरीत जायचं, आणि रिकामा पत्र्याचा डबा. मे महिन्यात नाहीतर दिवाळीच्या आधी, रांग लागलेली असायची. डब्यावर रंगाने आडनाव लिहिलेलं असायचं, तरी डबे बदलायचे आणि आमच्या नानकटाया खाऊन लोक म्हणायचे यंदा तूप कमी घातलंत का हो. आई भट्टीपाशी बसून राहायची, तूप मोजून आपल्याच पिठात पडतंय ना हे बघायला, आणि मला धग लागायची म्हणून दाराशी उभं करायची. घरी येईपर्यंत डब्याचं बूड गरम असायचं, मांडीवर घेऊन टांग्यात बसलो की चटका.

तिथेच एक मुलगी तिच्या आजीबरोबर यायची. आमच्या डब्यावर 'कु' असं अर्धंच आडनाव उरलेलं होतं आणि तिच्या डब्यावरही 'कु'च होतं. पुढचं सांगत नाही, ती आत्ता आत स्वयंपाकघरात आहे आणि मी काय टाईप करतोय हे दोनदा विचारून गेलीय.

अमृततुल्य, कर तू. जमेल.

दुपारी_१_ते_४ | ९ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

शनिपारकाका, कडक. माझी श्रूसबेरी मागे घेतो.

रेघोटी | ९ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मी लग्नाच्या सीझनला मेंदी काढते, कर्वेनगरला असते. तुम्हाला ते नोझल, पायपिंग बॅग काही विकत घ्यायची गरज नाहीये. मेंदीचा कोन जसा करतो तसाच करा, जाड सेलोफेनचा कागद पोस्टकार्डाएवढा कापून, नवीन कोरा हां, मेंदीला वापरलेला नाही. एक कोपरा आत वळवून गुंडाळायचा, टोक सुईसारखं आलं पाहिजे, चिकटपट्टी. आयसिंग अर्ध्यापर्यंतच भरायचं आणि वरनं दुमडत यायचं. टोक आधी कापू नका, भरल्यावर कापा, केसभरच, मग लागलं तर अजून. सगळे जास्त कापतात आणि मग रेघ गांडुळाएवढी येते.

अक्षर काढताना टोक बिस्किटाला टेकवायचं नाही. टेकवून सुरुवात करायची, मग कोन वर उचलायचा बोटभर, रेघ हवेत लोंबली पाहिजे आणि आपण ती नुसती खाली ठेवत जायची. हे हातात बसायला ताटावर वीस-पंचवीस वेळा काढा, पुसा, परत काढा. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. 'घ' आणि 'स' ला वळणं आहेत तिथे घाई केली की रेघ तुटते.

सुगरणताई | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१०

रेघोटी, क्या बात. मी इतकी वर्षं बॅगा विकत घेतेय.

अमृत, आता आयसिंग. ती अंडं खात नाही म्हणजे रॉयल आयसिंग अंड्याच्या पांढऱ्यातलं बाद. (खात असती तरी कच्चं अंडं मी नको म्हटलं असतं.) दुधातलं आयसिंग सोपं असतं पण ते पूर्ण कडक होत नाही, डब्यात एकमेकांना चिकटतं. तू छोल्याचं पाणी घे. हसू नको. काबुली चणे रात्रभर भिजवून मीठ न घालता, सोडा तर नाहीच, उकडायचे, ते पाणी गाळून आटवायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गार करायचं. दोन मोठे चमचे पाणी फेटलं की पांढरा फेस येतो, त्यात आयसिंग शुगर २०० ग्रॅमपासून सुरू कर आणि वाढवत जा, दोन थेंब लिंबू, व्हॅनिला. वास राहत नाही, शपथ. साखर घरी मिक्सरवर करणार असशील तर मलमलच्या कपड्यातून गाळ, एक दाणा राहिला तरी कोनाचं टोक तुंबतं.

दोन प्रकारचं घट्टपण लागतं. कडेची रेघ आणि अक्षरं ह्याला श्रीखंडाएवढं, चमचा उभा राहील असं. आत भरायला डोशाच्या पिठासारखं. मोजायचं कसं तर वाटीतल्या आयसिंगमध्ये सुरीने रेघ मारायची आणि मनात आकडे म्हणायचे, दहा ते पंधरापर्यंत रेघ बुजली तर बरोबर. पाचात बुजली तर कडेवरनं ओघळणार, तीस झाले तरी बुजत नाही तर थेंब थेंब पाणी. चमच्याने पाणी घातलंस की मेलास.

रसायन_खातं | मंगळवार, १० फेब्रुवारी, सकाळी ८:४५

फूड टेकवाला आहे म्हणून रंगांबद्दल तेवढं लिहितो. आपल्याकडे खाण्यात घालायला आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि बिस्किटं, मिठाई अशा गोष्टींत मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे किलोला १०० मिलीग्रॅम. बाटलीवर परवाना नंबर आणि रंगाचं नाव बघून घ्या, सुटी पुडी नको. जेल रंग घ्या, पाण्यासारखे पातळ रंग घातले की ताईंनी सांगितलेलं मोजमाप बिघडतं. आणि लाल रंग लगेच गडद दिसत नाही, केल्यावर गुलाबीच दिसतो, लोक अजून अजून घालत बसतात आणि मग कडू होतो. आदल्या रात्री कालवून झाकून ठेवा, सकाळी आपोआप गडद झालेला असतो.

बिटाचा रस सुचवायला कोणीतरी येईलच, त्यात पाणी फार, आणि रंग टिकत नाही.

काव्या_नव्हे | १० फेब्रुवारी, सकाळी ९:१०

मी बिटाचा रसच सुचवायला आले होते.

परतलेला_पुणेकर | १० फेब्रुवारी, दुपारी १:३०

अवांतर, पण राहवत नाही. मी सात वर्षं जर्मनीत होतो, तिथे जत्रांमध्ये आणि ऑक्टोबरफेस्टला मसालेदार पोळीएवढाली हृदयाच्या आकाराची बिस्किटं मिळतात, वर पांढऱ्या आयसिंगने 'इश लीबे दिश' (माझं तुझ्यावर प्रेम आहे) वगैरे लिहिलेलं, भोकातून रिबीन ओवून गळ्यात घालतात. मोठमोठी माणसं गळ्यात बिस्कीट घालून ट्राममध्ये बसलेली असतात. खायला म्हणाल तर रोडगा परवडला, दात तुटेल. पण ती खाण्यासाठी नसतातच, पोरी घरी नेऊन भिंतीला टांगतात, मी काम करायचो तिथल्या रिसेप्शनवाल्या बाईंकडे वर्षानुवर्षांची होती. क्रोएशियात पण तसलीच लालभडक हृदयं करतात, मध्ये छोटा आरसा बसवलेला, म्हणजे जिला दिलं ती स्वतःलाच बघते. ती कला युनेस्कोच्या यादीत २०१० साली गेली.

तेव्हा धागाकर्त्या, तू करतोयस ते जुनं काम आहे. फक्त आपल्याकडे मुंग्या आहेत, भिंतीला टांगू नकोस.

अमृततुल्य | बुधवार, ११ फेब्रुवारी, रात्री १२:५५

मंडळी, पहिला प्रयोग. काय झालं ते लिहितो, हसून घ्या एकदाच.

ऑफिसवरनं आलो तेव्हा बटर फ्रीजमध्ये दगड. वाट बघायला वेळ नव्हता म्हणून मायक्रोवेव्हमध्ये तीस सेकंद, त्यात अर्धं वितळलं अर्धं तसंच, म्हटलं चालतंय. मैदा घातला, आणि सुगरणताई तुम्ही दोनदा लिहिलेलं असून सुद्धा माझ्या हातून पाव चमचा बेकिंग पावडर पडली, तुम्ही म्हणालात तसंच, हात आपोआप गेला. फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवलं कारण झोप येत होती. वाटीने बारा गोल कापले. चौदा मिनिटांनी दार उघडलं तर आत एकच बिस्कीट होतं. ट्रेएवढं. बाराही एकमेकांना भेटलेले.

बाबा पाणी प्यायला उठले, ट्रेकडे बघून म्हणाले, भाकरी केलीस का, आणि कोपरा मोडून खात खात झोपायला गेले.

दुपारी_१_ते_४ | ११ फेब्रुवारी, रात्री १२:५८

त्या एकाच बिस्किटावर अख्खं वाक्य लिही. जागा आहे.

सुगरणताई | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). अरे बटर आधीच वितळलेलं असलं की ओव्हनमध्ये मैदा सेट व्हायच्या आत ते पसरतं, आणि बेकिंग पावडर त्याला अजून ढकलते. गार पीठ गरम ओव्हनमध्ये गेलं पाहिजे, सगळी गोष्ट तेवढीच आहे. ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापवलास ना? आणि जमलं तर ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आण, बटणावरचा आकडा खरा असेलच असं नाही, माझा स्वतःचा २० अंश जास्त तापतो.

बटर सकाळी ऑफिसला जाताना ओट्यावर काढून ठेव, संध्याकाळी तयार असेल.

अमृततुल्य | शनिवार, १४ फेब्रुवारी, रात्री ८:१०

आज १४ तारीख आणि मी घरात मैदा लाटतोय. आम्ही १४ ला भेटत नाही, झेड ब्रिजवर आज पाय ठेवायला जागा नसते, दोन गाड्यांच्या मध्ये तिसरी गाडी आणि तिच्यावर चौथं जोडपं.

पण बिस्किटं सपाट आली!! एकदम पाटीसारखी. कडा बदामी, अकरा निघाली, एक चाखायला. थर्मामीटर सापडला नाही म्हणून १६० वर ठेवून खिडकीसमोर स्टूल टाकून बसलो होतो.

मग छोल्याचं पाणी. आईने विचारलं शनिवारी छोले कशाला, आणि मीठ का नाही, मी म्हटलं डाएट. ती म्हणाली डाएटला पाणी ठेवून छोले टाकून देतात होय. फेस मात्र खरंच येतो, मला वाटलं होतं ताई चेष्टा करतायत. पण बिस्किटं कोमट असतानाच घाई केली, पांढरं भरलं आणि ते सगळं हळूहळू एका बाजूला घसरायला लागलं. जी तीन बरी होती त्यावर लाल अक्षरं काढली आणि लवकर वाळावीत म्हणून फ्रीजमध्ये ठेवली. आत्ता बाहेर काढली तर पंधरा मिनिटांत वर दव आलं आणि 'घ' मधून लाल रंग पांढऱ्यात उतरलाय, एखाद्याला लागलंय आणि बँडेज केलंय असं दिसतंय.

सुगरणताई | १४ फेब्रुवारी, रात्री ८:४०

फ्रीज नाही रे बाळा!! बाहेर आलं की गार पृष्ठभागावर ओल धरते आणि साखर विरघळते. पंखा. टेबलावर ताटात मांडून पंखा सुरू, वर भाजीची जाळी झाकायची. पांढरा थर रात्रभर वाळू दे, आठ-दहा तास, त्याच्यावर लाल अक्षर दुसऱ्या दिवशी, मग ते परत पाच-सहा तास. फेब्रुवारीत पुण्यात हवा कोरडी असते तर नशीबवान आहेस, हेच जुलैत करायला घेतलं असतंस तर तीन दिवस चिकटच राहिलं असतं, मी एकदा श्रावणात राखीची केली होती ती अजून वाळतायत.

म्हणजे तुझं वेळापत्रक उलटीकडून धर. २२ ला संध्याकाळी द्यायची तर २० ला रात्री भाजायची आणि पांढरं, २१ ला अक्षरं. आणि भाजल्यावर दोन तास थांबायचं, पालथा हात लावून बघायचं, गार लागलं पाहिजे. अजून एक, अकरा होतात ना? मग प्रत्येक अक्षर दोनदा काढ. एखादं फुटतंच.

रेघोटी | १४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

पांढरं भरताना बुडबुडे आले तर टूथपिकने लगेच फोडा, वाळल्यावर फोडलं की खड्डा राहतो. ताटावर सराव चालूये ना?

अमृततुल्य | १४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

चालूये. 'स' चा पाय मोडतोच आहे.

आणि एक नवीन आयडिया आलीय, सातवं बिस्कीट. तिचा चेहरा काढायचा. म्हणजे चेहरा नाही, ती गाडीवर असते तशी, स्कार्फ गुंडाळलेली, नुसते डोळे आणि गॉगल. पहिल्यांदा भेटलो तेव्हा कर्वे रोडच्या सिग्नलला माझ्या गाडीचं स्टँड खाली आहे असं ओरडून सांगणारी मुलगी एवढंच दिसलं होतं, डोळे, बाकी सगळा फुलाफुलांचा स्कार्फ. तिचा चेहरा मला पुढच्या आठवड्यात दिसला.

दुपारी_१_ते_४ | १४ फेब्रुवारी, रात्री ९:३३

पुण्यातल्या कुठल्याही मुलीला दिलं तरी चालेल असं बिस्कीट. वापरून घे, नाही जमलं तर दुसरीला देता येईल.

नुसती_वाचक | १४ फेब्रुवारी, रात्री ९:३६

१ ते ४, तुमचं लग्न झालंय का हो?

दुपारी_१_ते_४ | १४ फेब्रुवारी, रात्री ९:४१

विश्रांतीची वेळ आहे.

रेघोटी | १४ फेब्रुवारी, रात्री १०:००

स्कार्फवाली फारच भारी आयडिया आहे, आणि सगळ्यात सोपी! नाक नाही तोंड नाही. अख्खा गोल स्कार्फच्या रंगाने भरा, मध्ये डोळ्यांपुरती आडवी पट्टी सोडून, ती पट्टी वेगळ्या रंगाने. फुलं काढायची तर पातळ ओलं असतानाच दुसऱ्या रंगाचे थेंब सोडायचे आणि टूथपिकने ओढायचे, आपोआप पाकळी होते. वाळल्यावर गॉगल काळ्याने. काळ्यासाठी आधी कोको घालून तपकिरी करा, मग काळा रंग थोडाच लागतो.

अमृततुल्य | गुरुवार, १९ फेब्रुवारी, रात्री ११:१५

डबा कुठे मिळेल? आणि नेऊ कसा? मी धायरीचा, ती औंधची, भेटणार झेड ब्रिजवर, म्हणजे गाडीवरनं सिंहगड रोड. त्या रस्त्यावर माझं स्वतःचं पाठीचं हाड सुटं झालंय.

काव्या_नव्हे | १९ फेब्रुवारी, रात्री ११:३०

बोहरी आळीत जा, सपाट मिठाईचे खोके झाकणाला खिडकी असलेले मिळतात, पण डझनाखाली देताना तोंड वाकडं करतात. बिस्किटं आडवी एका थरात, खाली आणि मधल्या फटीत चुरमुरे भरा. खरंच, मी तीन मुलांच्या वाढदिवसाची अशीच नेलीयेत, बबल रॅपपेक्षा बरं, आणि उरले तर भेळ. डबा डिकीत नको, मांडीवर पण नको, सॅक पोटावर घेऊन त्यात.

अमृततुल्य | रविवार, २२ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

तातडीचं आहे. कोणी जागं आहे का?

शुक्रवारी भाजली, बारा निघाली, सगळी सपाट. पांढरं पण मस्त झालं, सकाळी अंड्याच्या कवचासारखं टणक, हलकी चमक. काल दुपारी अक्षरं काढली. सुगरणताई, दोनदा काढणार होतो, पण स्कार्फवालीचं पहिलं बिस्कीट मेंढीसारखं दिसत होतं, दुसरं अंतराळवीर, असं करत करत सहावं तिच्यासारखं आलं. म्हणजे अक्षरांना एकेकच बिस्कीट उरलं.

रात्री टेबलावर जाळीखाली ठेवून पंखा लावून झोपलो. आईने रात्रीच बघितलं होतं. काही बोलली नाही, फक्त मी पाणी प्यायला उठलो तर म्हणाली, 'स' चा पाय जरा सरळ कर, आणि रविवारीच येणार असेल तर मला आधी सांग, मंडईत जायला लागेल.

आत्ता सकाळी उठून बघतो तर पाच. बाबा पेपर घेऊन बसलेत, पुढ्यात चहा, बशीत चुरा. बिस्कीट आहे म्हणून चहात बुडवलं त्यांनी. वरचं आयसिंग चहात उतरून तळाशी साखर बसलीय आणि चहा गुलाबी झालाय. म्हणतात, खुसखुशीत झालंय पण गोड फार करतोस, साखर कमी घाल. मी विचारलं कोणतं अक्षर होतं, तर म्हणतात चष्मा नव्हता रे.

'री' गेलीय. परत करून वाळायला वेळ नाही, सहाला भेटायचंय. काय करू??

सुगरणताई | २२ फेब्रुवारी, सकाळी ९:२६

अरे देवा. पाच मेंढ्या अंतराळवीर उरलेत ना? एकाचं आयसिंग सुरीने खरवडून काढ, पातळ थर दे, पंख्याखाली सहा तासांत वरवर तरी वाळेल.

रेघोटी | २२ फेब्रुवारी, सकाळी ९:३१

नको नको, खरवडलं तर तुटेल. 'री' च्या जागी स्कार्फवालीच ठेवा. समजेल तिला.

शनिपार | २२ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

जागा रिकामी ठेव. आणि वडिलांना माझा नमस्कार सांग, बिस्कीट चहात बुडवायचंच असतं.

दुपारी_१_ते_४ | २२ फेब्रुवारी, रात्री ८:३०

काय झालं?

नुसती_वाचक | २२ फेब्रुवारी, रात्री ९:१५

काय झालं???

काव्या_नव्हे | २२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

चुरमुरे तरी शाबूत पोचले का सांगा.

अमृततुल्य | सोमवार, २३ फेब्रुवारी, रात्री १२:२०

आत्ता घरी आलो. सगळ्यांची माफी, फोन मुद्दाम बंद ठेवला होता.

काकांचं ऐकलं, जागा रिकामी ठेवली, नुसते चुरमुरे. डबा शाबूत पोचला, 'का' ची एक कड उडाली तेवढीच. ब्रिजवर गर्दी होती, मधोमध कठड्यापाशी उभे राहिलो, तिने झाकण उघडलं आणि आधी स्कार्फवाली उचलली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, फुलं निळी होती, पिवळी नाही. मग अक्षरं वाचायला लागली. घ, ये, ते, स, का. मोठ्याने. घयेतेसका. शेजारचं जोडपं बघायला लागलं. म्हणे ही काय जपानी मिठाई आहे का.

मी म्हटलं मध्ये एक 'री' होती, बाबांनी सकाळी चहाबरोबर खाल्ली.

तिने परत एकदा मनात वाचलं, ओठ हलताना दिसत होते. मग झाकण लावलं, डबा स्वतःच्या सॅकमध्ये टाकला आणि म्हणाली, मग 'री' मागायला यावं लागेल तुझ्या बाबांकडे, पुढच्या रविवारी आहेत का ते घरी.

एक पण बिस्कीट खाल्लं नाही तिने. चुरमुरे मात्र सगळे संपवले.

सुगरणताई | २३ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

माझ्या डोळ्यात पाणी आलंय आणि इकडे दूध उतू गेलंय. पुढच्या रविवारी बाबांच्या पुढ्यात साधी बिस्किटं ठेव, बिनआयसिंगची.

शनिपार | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, तुम्ही तर डबाच चुकून उचलून नेला होतात, अक्षर एक पण न काढता.

नुसती_वाचक | २३ फेब्रुवारी, सकाळी ११:००

म्हणजे काका, तो डबा...??

पिठीसाखर_२ | बुधवार, ४ मार्च, दुपारी ३:१८

उशिरा वाचला धागा, छान. एक प्रश्न होता, हे सगळं कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये होईल का, आणि मैद्याऐवजी कणीक घेतली तर दुधाचं प्रमाण किती? आमच्या ह्यांना मैदा चालत नाही.